गोरवा–मकरपुरा फायबर जोडणी : लॉस बजेटच्या प्रकल्प नोंदी

१८ डिसेंबर २०२४

बडोद्यातील गोरवा औद्योगिक वसाहतीतला कारखाना आणि मकरपुरा जीआयडीसीतले त्याच मालकाचे गोदाम यांच्यात १० गिगाबिटची जोडणी करून देण्याचे काम आज आमच्याकडे आले. नवी केबल टाकायची नाही. फायबर भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या जुन्या केबलमधील दोन मोकळे फायबर ग्राहकाला मिळाले आहेत. ही केबल गोरव्याहून अलकापुरीपर्यंत येते, तेथे एका इमारतीतल्या पॅच पॅनेलवर उतरते आणि पुढे विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडून मांजलपूरमार्गे मकरपुऱ्याला जाते. नकाशावर ही लांबी १०.४ किलोमीटर दाखवली आहे.

ग्राहकाच्या खरेदी विभागाने मॉड्यूल (फायबरमध्ये प्रकाश सोडणारे आणि वाचणारे उपकरण) विकणाऱ्याकडून वाटेतल्या लॉसचा, म्हणजे प्रकाश किती घटेल याचा, एक हिशेब आधीच करून घेतला आहे. दर किलोमीटरला ०.३३ डीबी (डेसिबल, प्रकाशाच्या घटीचे माप), सात स्प्लाइसांना (फायबरच्या कायमच्या जोडांना) प्रत्येकी ०.०५ आणि चार कनेक्टर जोड्यांना प्रत्येकी ०.३, अशी बेरीज ४.९८ डीबी येते. १० किलोमीटरच्या मानकातल्या एलआर मॉड्यूलला ६.२ डीबी चालतात, म्हणून १.२२ डीबी शिल्लक राहतात आणि स्वस्तातले एलआर घ्यावे, असे त्या कागदाचे म्हणणे आहे. यातला एकही आकडा खोटा नाही. मात्र प्रत्येक आकडा चांगल्यातला चांगला उचललेला आहे, आणि सात स्प्लाइस, चार जोड्या व साडेदहा किलोमीटर फायबर सगळेच्या सगळे एकाच वेळी उत्तम निघतील, असे आजवरच्या कामात मी पाहिलेले नाही.

६.२ हा आकडा कोठून आला तेही येथे लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवतीच होणार हे दिसते आहे. मानकानुसार एलआर मॉड्यूलने कमीत कमी उणे ८.२ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली ताकद) इतका प्रकाश सोडला पाहिजे आणि समोरच्या मॉड्यूलला उणे १४.४ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता आला पाहिजे. या दोहोंतले अंतर म्हणजे ६.२ डीबी. मिलिवॅटमध्ये सांगायचे तर ०.१५१ मिलिवॅट निघतो आणि ०.०३६ मिलिवॅट पोहोचला तरी काम भागते, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश प्रकाश वाटेत गमावण्याची मुभा आहे.

२० डिसेंबर

आज माझा हिशेब मांडला. एलआरच्या १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला दर किलोमीटर ०.३५, प्रत्येक स्प्लाइसला ०.१ आणि प्रत्येक कनेक्टर जोडीला ०.५ धरले. नकाशावरच्या १०.४ किलोमीटरला ३.६४, स्प्लाइसांचे ०.७ आणि कनेक्टरांचे २.०, मिळून ६.३४ डीबी. म्हणजे कागदावरच ०.१४ डीबीची तूट आहे, आणि दुरुस्तीसाठी काही राखून ठेवण्याचा प्रश्न तर अजून आलेलाही नाही. माझे आकडे जरा कंजूष आहेत असे कोणी म्हटले तर ते मान्य आहे; इमारतीतल्या केबलिंगच्या अमेरिकी मानकात कनेक्टर जोडीला ०.७५ आणि स्प्लाइसला ०.३ पर्यंत सूट आहे, त्या मानाने हे आकडे सौम्यच म्हणावे लागतील.

लांबीचा आकडा मात्र दोन्ही हिशेबांत नकाशावरून घेतलेला आहे, आणि प्रकाश नकाशावरून जात नाही. म्हणून आधी ओटीडीआर (परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबरची लांबी आणि जागोजागचा लॉस दाखवणारे यंत्र) लावायचे ठरवले.

२३ डिसेंबर

गोरव्याच्या बाजूने ५०० मीटरची लाँच केबल (यंत्र आणि मार्ग यांच्यामधली चाचणीची केबल) लावून १३१० वर ट्रेस, म्हणजे लॉसचा आलेख, घेतला. फायबरची लांबी ११.३ किलोमीटर भरली. वाढलेले ९०० मीटर कोठे गेले हे फायबर जोडणाऱ्या जॉइंटरकाकांनी उभ्या उभ्या सांगितले : प्रत्येक क्लोजरपाशी (जोड ठेवलेल्या बंद पेटीपाशी) दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटरचे वेटोळे, वळणाच्या प्रत्येक चेंबरमध्ये आणखी एक, पुलाच्या दोन्ही टोकांना मोठी वेटोळी, तिन्ही इमारतींतली उभी चढण, आणि पूर्वी कोणी रस्ता खोदला म्हणून लांबून फिरवलेला एक तुकडा. माझाच हिशेब आता ३.९६ अधिक ०.७ अधिक २.०, म्हणजे ६.६६ डीबी झाला.

ट्रेसवर ४.०२ किलोमीटरला एक गंमत दिसली. तेथल्या स्प्लाइसवर रेघ खाली येण्याऐवजी ०.०८ ने वर चढली होती, म्हणजे जोडातून प्रकाश वाढून बाहेर पडतो आहे असे यंत्र सांगत होते. नव्या मुलाने ताबडतोब तो आकडा बेरजेतून वजा केला, तेव्हा त्याला थांबवावे लागले. ओटीडीआर पुढे गेलेला प्रकाश मोजत नाही, तर मागे विखुरून परत आलेला प्रकाश मोजते; जोडाच्या पलीकडच्या फायबरचा प्रकाशक्षेत्राचा व्यास अलीकडच्यापेक्षा थोडा लहान असला, तर मागे जास्त प्रकाश परततो आणि जोडाने काही कमावल्याचा भास होतो. मकरपुऱ्याच्या बाजूने तोच जोड पाहिला तेव्हा तो ०.२२ चा तोटा दाखवू लागला. दोहोंची सरासरी ०.०७ डीबी, आणि नोंदवहीत तीच लिहिली. ज्यांचे अहवाल एकाच बाजूच्या ट्रेसवर उभे असतात त्यांच्या स्प्लाइसच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही, तो याच कारणाने.

वेळेअभावी १५५० नॅनोमीटरवर ट्रेस घेतला नाही, कारण मकरपुऱ्याचे गोदाम सहाला बंद होते. ही माझी चूक होती. ती पुढच्या नोंदीत दिसेल.

२६ डिसेंबर

लाइट सोर्स आणि पॉवर मीटर लावून प्रत्यक्ष लॉस मोजला. पॅचकॉर्डने (जोडणीच्या छोट्या फायबरने) संदर्भ शून्य केल्यावर ती सोर्सच्या तोंडातून काढायची नाही हे पुन्हा एकदा सर्वांना सांगितले, कारण ती एकदा काढून लावली की शून्य शून्य राहत नाही. मोजणी १३१० वर ६.७४ डीबी आणि १५५० वर ७.०६ डीबी आली.

पहिला आकडा वाईट असला तरी समजण्यासारखा आहे; खरा गोंधळ दुसऱ्याने केला. काचेतील प्रकाशाचे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून निरोगी फायबरमध्ये १५५० चा लॉस १३१० पेक्षा नेहमी कमी भरला पाहिजे. ११.३ किलोमीटरला हा फरक सहज दीड डीबीचा असतो. येथे तो उलटा होता. कनेक्टर खराब असेल तर दोन्ही तरंगलांबींना जवळपास सारखाच फटका बसतो. १५५० ला एकटीला जास्त फटका बसत असेल तर कोठेतरी फायबर दुमडला आहे, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश गाभ्यात सैलसर धरलेला असतो आणि वळणावर आधी तोच निसटतो.

संध्याकाळी १५५० वर ट्रेस घेतला. ६.८४ किलोमीटरला २.१ डीबीची सरळ पायरी. परवाच्या १३१० च्या ट्रेसमध्ये हीच पायरी अवघी ०.२ ची होती आणि मी ती साधा स्प्लाइस म्हणून पुढे सोडून दिली होती. दोन्ही तरंगलांबी त्याच दिवशी लावल्या असत्या तर तीन दिवस वाचले असते.

अलकापुरीच्या पॅच पॅनेलवर परावर्तनाचा उंच काटा दोन्ही ट्रेसमध्ये आहे आणि तेथला लॉस दोहोंतही बराच जास्त आहे. आधी तिकडे जायचे.

२७ डिसेंबर

अलकापुरीच्या खोलीत पंखा बंद होता आणि पॅनेलच्या वरच छताचा पापुद्रा सुटलेला होता. दोनपैकी एका जोडीवर धुळीचे टोपण नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली कनेक्टरचे तोंड पाहिले तेव्हा राखाडी चकतीच्या बरोबर मध्यावर, गाभ्याला अर्धवट झाकून, बोटाच्या तेलाचा एक चंद्रकोरीसारखा डाग बसलेला होता आणि त्यात चुन्याचे चार-पाच कण रुतले होते. त्या चकतीवर गाभा केवळ नऊ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे साध्या डोळ्यांना हे कनेक्टर लखलखीत दिसत होते.

कोरड्या क्लीनरने दोनदा पुसले तरी तेल पसरतच गेले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओले पुसून लगेच कोरडे केले, समोरच्या अॅडाप्टरच्या आतूनही तसेच केले, आणि पुन्हा पाहिल्यावर चकती स्वच्छ झाली होती. लॉस १३१० वर ५.८४ आणि १५५० वर ६.१६ वर आला, म्हणजे दोन्हीकडे नेमका ०.९ डीबीचा फरक. एका बोटाच्या ठशाने अडीच किलोमीटर फायबरइतका प्रकाश खाल्ला होता. खरेदी विभागाच्या कागदावर चारही जोड्यांचे मिळून १.२ डीबी धरलेले आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

३० डिसेंबर

६.८४ किलोमीटरची जागा जमिनीवर शोधणे हे ट्रेस वाचण्यापेक्षा अवघड काम आहे. ओटीडीआर फायबरची लांबी सांगते आणि खोदणारा माणूस रस्त्याची लांबी मोजतो. एकूण प्रमाण ११.३ ला १०.४ असे धरले तर ही जागा रस्त्यावर ६.३ किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे पुलाच्या अलीकडची-पलीकडची दोन्ही चेंबरे संशयित ठरतात. काकांनी सरासरीवर भरवसा न ठेवता अलकापुरीपासून प्रत्येक चेंबरमधले वेटोळे मोजत हिशेब केला आणि पलीकडचे चेंबर सांगितले. यंत्रात काचेचा अपवर्तनांक १.४६७ ऐवजी १.४६८ टाकला गेला असता तरी येथे पाच मीटरांचासुद्धा फरक पडला नसता. चूक होते ती वेटोळ्यांत, आणि ती शंभर मीटरांची होते.

पुलापाशी रात्री दहानंतर काम करण्याची परवानगी होती. थंडीच्या रात्री मगरी काठावर फारशा येत नाहीत असे काका सांगत होते, तरी विजेरी एकदा नदीच्या बाजूला फिरवून घेतल्याशिवाय आमच्यातला कोणी खाली उतरला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला जो पूर आला त्याची मातकट रेघ चेंबरच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला अजून स्पष्ट आहे. क्लोजर वरून धड दिसत होते. झाकण काढल्यावर मात्र तळाला वाळून भेगा पडलेला गाळाचा थर निघाला, आणि वरच्या ट्रेमध्ये आमच्या दोन फायबरांची नळी एका प्लॅस्टिकच्या पट्टीने इतकी आवळलेली होती की पट्टीच्या कडेला फायबर जवळपास काटकोनात वळला होता. या जातीच्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचे वळण सोसते. येथे ती आठ-दहा मिलिमीटरच असावी.

“साहेब, पुरानंतर कोणीतरी घाईघाईत क्लोजर पुसून परत बंद केलंय. पट्टी ओढताना ट्रेकडे बघितलेलं नाही,” काका म्हणाले.

“पट्टी कापून चालेल का काका, की नवा जोड घ्यावा लागेल?”

“आधी पट्टी कापू. मीटर काय सांगतो ते बघू, मग ठरवू.”

त्यांनी पट्टी कापली, नळी ट्रेच्या गोलाईत सैल बसवली आणि मकरपुऱ्याला बसलेल्या मुलाने फोनवर आकडा वाचला. नवा जोड लागला नाही. १५५० चा लॉस ६.१६ वरून ४.०६ वर आणि १३१० चा ५.८४ वरून ५.६४ वर आला. गाळ काढून, क्लोजरची रबरी चकती बदलून ते बंद केले. दुसऱ्या फायबरचे आकडे थोडे कमी आहेत. यापुढच्या हिशेबांत जास्त लॉसचा फायबरच धरतो आहे.

२ जानेवारी २०२५

अपेक्षेप्रमाणे ग्राहकाचा निरोप आला : ५.६४ हे ६.२ पेक्षा कमी आहे, तेव्हा एलआर मागवू या. त्यांनी नमुन्याचे एक एलआर मॉड्यूलही पाठवले. ते मोजल्यावर उणे २.६ डीबीएम सोडत होते, म्हणजे समोर उणे ८.२४ पोहोचणार आणि उणे १४.४ पर्यंत सहा डीबीहून जास्त जागा उरणार. प्रामाणिकपणे लिहायचे तर हे मॉड्यूल या मार्गावर उद्यापासून चालेल, आणि बहुधा काही वर्षे चालतही राहील.

तरीही मी नकार कळवला. जे सहा डीबी दिसत आहेत ते या मार्गाचे नसून त्या एका मॉड्यूलचे आहेत. दोन वर्षांनी ते रात्री अडीच वाजता जळेल आणि कोणीतरी कपाटातले दुसरे लावेल, तेव्हा त्या दुसऱ्याने उणे ८.२ च सोडले तरी ते मानकात बसणारे, कोणालाही परत न करता येणारे मॉड्यूल असेल. मार्गाचे स्वतःचे असे मार्जिन ०.५६ डीबी आहे. केबल एकदा तुटली की मध्ये तुकडा घालून दोन नवे स्प्लाइस करावे लागतात, त्यांचे ०.२ गेले, रस्तारुंदीकरणाच्या दिवसांत मांजलपूरच्या बाजूला अशा तीन तुटी व्हायला एक पावसाळा पुरतो. शिवाय २६ तारखेला हा मार्ग जसा हाती आला तसा त्याचा १३१० चा लॉस ६.७४ होता. त्या दिवशी तेथे किमान ताकदीचे एलआर असते तर एका बोटाच्या ठशामुळे आणि एका पट्टीमुळे जोडणी बंद असती. शेवटची गोष्ट म्हणजे एलआरचे मानक १० किलोमीटरचे आहे आणि आपला फायबर ११.३ चा आहे.

बाजारात ‘२० किलोमीटर’ असे लिहिलेली १३१० ची मॉड्यूलेही मिळतात. ती वाईट असतात असे मुळीच नाही, पण तो पल्ला मानकातला नसून ज्या त्या उत्पादकाने दिलेला असतो, आणि दोन टोकांना दोन वेगवेगळ्या उत्पादकांची मॉड्यूले येण्याची वेळ कधी ना कधी येते. म्हणून ४० किलोमीटरसाठीचे, मानकातलेच ईआर मॉड्यूल सुचवले.

४ जानेवारी

ईआर १५५० वर चालते. ते उणे ४.७ ते अधिक ४.० डीबीएम सोडते आणि उणे १५.८ पर्यंत वाचते. पण त्याच्या रिसिव्हरला उणे १.० पेक्षा जास्त प्रकाश सोसत नाही, आणि ४० किलोमीटरसाठी बनवलेले मॉड्यूल ११ किलोमीटरवर लावताना हिशेब या दुसऱ्या टोकाकडून करावा लागतो. मॉड्यूल पूर्ण ताकदीचे निघाले तर अधिक ४.० मधून ४.०६ वजा जाऊन समोर उणे ०.०६ पोहोचेल, म्हणजे मर्यादेच्या जवळपास एक डीबी वर. ईआरमध्ये किमान ५ डीबी लॉस असलाच पाहिजे असे मानक सांगते ते याचमुळे. लॉस कमी केल्याचा आनंद होऊन आठवडाही झाला नाही तोच तो वाढवण्याची सोय पाहावी लागत आहे.

५ डीबीचा अॅटेन्युएटर (मुद्दाम लॉस वाढवणारा तुकडा) लावल्यास खालच्या बाजूला उणे ४.७, वजा ४.०६, वजा ५, म्हणजे उणे १३.७६ आणि मार्जिन २.०४ राहते. ३ डीबीचा लावल्यास खालचे मार्जिन ४.०४ आणि वरचे २.०६ होते. केबल जुनी होते तसा लॉस वाढतच जातो, कमी होत नाही. म्हणून खालच्या बाजूला जास्त जागा ठेवणारा ३ डीबीचाच निवडला. तो दोन्ही टोकांना रिसिव्हरच्या तोंडाशी बसेल, म्हणजे पुढे लॉस वाढला तर रॅकपाशी उभे राहूनच तो काढून टाकता येईल. वर्णविक्षेपाचा (तरंगलांबीनुसार वेग बदलल्याने प्रकाशाचा स्पंद पसरण्याचा) हिशेबही करून ठेवला : १७ गुणिले ११.३, म्हणजे सुमारे १९२ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. ४० किलोमीटरला चालणाऱ्या मॉड्यूलला तो किरकोळ आहे.

चहाच्या वेळी नव्या मुलाला एक आकडा काढायला दिला. १९६६ मध्ये काओ आणि हॉकहॅम यांनी असे मांडले की काचेतला लॉस किलोमीटरला २० डीबीपर्यंत उतरवता आला तर दूरसंचारासाठी ती कामाची ठरेल. चार वर्षांनी कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत १७ चा फायबर तयार झाला. त्या २० च्या काचेने गोरवा ते मकरपुरा किती लॉस झाला असता? त्याने २२६ डीबी काढले आणि मग बराच वेळ आमच्या ४.०६ कडे पाहत बसला.

९ जानेवारी

मॉड्यूले आणि अॅटेन्युएटर बसवले. गोरव्याचे मॉड्यूल अधिक १.२ डीबीएम सोडते. हिशेबाने मकरपुऱ्याला उणे ५.८६ पोहोचायला हवे होते. पॉवर मीटरवर उणे ६.०५ आले. अॅटेन्युएटर वेगळा मोजला तेव्हा तो ३.१ चा निघाला, उरलेला फरक त्याच्या कनेक्टरचा आहे. मॉड्यूल स्वतः मात्र उणे ५.१ दाखवत होते. या अंगच्या मोजणीला ३ डीबीपर्यंतची चूक माफ असते, त्यामुळे तिच्यावरून लॉस काढायचा नाही, फक्त तिच्यातला बदल पाहायचा, असे ग्राहकाच्या माणसांना सांगितले. सुरुवातीचा आकडा म्हणून उणे ५.१ देखरेखीच्या यंत्रणेत टाकला.

१५ जानेवारी

उत्तरायणाचे दोन्ही दिवस सुट्टी असली तरी आलेख फोनवर उघडा ठेवला होता. काल दुपारी चारच्या सुमारास, आमच्या गच्चीवर तिळगूळ आणि शेजारच्या घरून आलेला उंधियू एकाच ताटात असताना, मकरपुऱ्याचा आकडा उणे ५.१ वरून उणे ५.६ वर गेला आणि तेथेच थांबला. जोडणीला काही झाले नाही, एकही चूक नोंदली गेली नाही.

आज सकाळी जाऊन पाहिले. गोदामाच्या फाटकापासून इमारतीपर्यंत केबलचा शेवटचा तुकडा खांबावरून लोंबता आहे. त्यावर तीन पतंग अडकले होते आणि ते काढण्यासाठी कोणीतरी बांबूने केबल खाली ओढलेली होती, त्यामुळे खांबावरचे वेटोळे घट्ट होऊन कडीवर दुमडले होते. वेटोळे सैल करून पुन्हा बांधल्यावर आकडा उणे ५.१ वर परतला. हा तुकडा माझ्या मूळ हिशेबात वेगळा धरलेलाच नव्हता. तो जमिनीखालून नेण्याचा प्रस्ताव आज लिहून दिला. खर्च ग्राहकाला करायचा आहे, तेव्हा लगेच होईल असे वाटत नाही.

२० जानेवारी

चोवीस तासांची चूकचाचणी पूर्ण झाली. या वेगाला दहाच्या उणे बाराव्या घाताची (लाख कोटी बिटांत एका चुकीची) मर्यादा म्हणजे साधारण शंभर सेकंदांत एक चूक, दिवसाला साडेआठशेच्या वर. आपल्याकडे शून्य आल्या.

दोन्ही फायबरांचे दोन्ही बाजूंनी दोन्ही तरंगलांबींवर घेतलेले ट्रेस ग्राहकाकडे आणि आमच्याकडे ठेवले. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला काकांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर ११.३ किलोमीटर, १५५० ला ४.०६ डीबी, अॅटेन्युएटर ३.१, मॉड्यूलवरचा आकडा उणे ५.१, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘उणे ७ च्या खाली गेल्यास आधी अलकापुरीचे कनेक्टर पाहावेत, मग पूल, मग खांब. अॅटेन्युएटर सर्वांत शेवटी काढावा.’ जून लागण्यापूर्वी पुलाचे क्लोजर पुन्हा उघडून पाहण्याची तारीख त्याच कागदावर पेन्सिलीने लिहिली आहे.